फाईल दोन किलोची, चिठ्ठी अर्ध्या पानाची

आईच्या फाईलीचं वजन मी एकदा भाजीवाल्याच्या काट्यावर केलं होतं, गंमत म्हणून, दोन किलो तीनशे ग्रॅम भरली. दोन एमआरआय, मानेचे एक्सरे, थायरॉईड, शुगर, बी-ट्वेल्व्ह, ईसीजी, चष्म्याच्या नंबरचे तीन कागद, कान-नाक-घसावाल्यांनी दुर्बिणीतून काढलेला घशाचा फोटो, आणि चौदा महिन्यांची प्रिस्क्रिप्शन्स. आठ डॉक्टर झाले होते तोपर्यंत. आणि एवढ्या कागदांत एका डॉक्टरनं दुसऱ्या डॉक्टरला उद्देशून लिहिलेले कागद किती, तर एक. तोही अर्ध्या पानाचा. बाकी सगळे कागद आमच्यासाठी, मेडिकलवाल्यासाठी, नाहीतर लॅबसाठी होते.

हा लेख त्या एका कागदाबद्दल आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याकडं ज्याला 'रेफर करणं' म्हणतात ते बहुतेक वेळा रेफर करणं नसतंच, ती पेशंटची पाठवणी असते. "यांना पुढं घेऊन जा", "मोठ्या दवाखान्यात दाखवा", "एकदा पुण्या-मुंबईला ओपिनियन घ्या". पुढं म्हणजे कुठं, मोठा म्हणजे कोणता, कुणाला भेटायचं, का भेटायचं, जाताना काय घेऊन जायचं, हे सगळं पेशंटच्या घरच्यांनी शोधायचं. साध्या आजारात हे चालून जातं, हाड मोडलं तर हाडाचा डॉक्टर कुठं बसतो हे रिक्षावाल्यालाही माहीत असतं. पण आजाराचं नावच माहीत नसेल तर कुठल्या दारात जायचं हे कोण सांगणार? ते सांगणं हे उपचाराचंच काम आहे असं मला वाटतं, आणि ते डॉक्टरचं आहे, माझ्यासारख्या बारा कॉमर्सवाल्याचं नाही.

आईला जो आजार निघाला त्याचं नाव मायस्थेनिया ग्रॅव्हिस. नातेवाईकांना मी "बच्चनला झाला होता तो" असं सांगतो, मग पटकन कळतं, १९८४ च्या सुमाराला अमिताभच्या या दुखण्याची चर्चा झालेली जुन्या लोकांना आठवते. यात काय होतं तर नसेकडून स्नायूला जो निरोप जातो तो घेणाऱ्या जागांवर शरीर स्वतःच हल्ला करतं, म्हणून स्नायू सुरुवातीला नीट चालतो आणि वापरला की थकत जातो, विश्रांती दिली की परत चालतो. दर दहा लाखांत दीडशे-दोनशेच्या आसपास माणसं या आजाराची असतात असा साधारण अंदाज देतात. म्हणजे तालुक्याच्या डॉक्टरला आख्ख्या करिअरमध्ये एखाददुसरा दिसणार. त्यामुळं पहिल्या डॉक्टरांनी ओळखला नाही याबद्दल माझी काहीही तक्रार नाही हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर वाचणाऱ्या डॉक्टर मंडळींचा इथंच पारा चढायचा.

सुरुवात डाव्या पापणीनं झाली. संध्याकाळी सिरीयल बघताना पापणी खाली यायची, आई बोटानं वर धरून बघायची, आम्ही हसायचो. मग एकाचे दोन दिसायला लागले, तर चष्म्याचा नंबर बदलला. मग भाकरी चावता चावता जबडा थकायला लागला, तर दातांचे डॉक्टर. बोलणं संध्याकाळी नाकातून यायला लागलं, तर घशाचे डॉक्टर. मान धरवेना, तर मणक्याचे डॉक्टर, आणि मणक्यात पन्नाशीच्या बाईच्या काहीतरी निघतंच, ते निघालं, पट्टा दिला. प्रत्येकाला आपापला तुकडा दिसला. चूक कुणाचीच नाही म्हणावं तर चौदा महिने गेले, आणि शेवटी शेवटी एका ठिकाणी "मावशी, टेन्शन घेऊ नका, घरी काही वाद आहेत का" असं विचारून झोपेची गोळी मिळाली. ती आईनं आठवडाभर घेतली आणि तिची तब्येत आणखी ढासळली, पुढं कळलं की झोपेच्या काही गोळ्यांनी या आजारात स्नायू अजून ढिले पडतात.

या आजाराची एक खोड अशी की पेशंट सकाळी बरा असतो. आम्ही पहाटे उठून लातूर गाठायचो, नंबर लावायचो, आई बाकड्यावर डोळे मिटून दोन तास बसायची आणि नंबर येईपर्यंत पापणी मस्त वर. डॉक्टर टॉर्च मारून म्हणायचे, डोळे तर नीट आहेत. आई ओशाळायची. परत येताना जीपमध्ये म्हणायची, तुझी उगंच रजा गेली. एवढ्या महागड्या रिपोर्टांच्या गठ्ठ्यात पुढं कामाला आला तो माझ्या मोबाईलमधला एक फोटो, संध्याकाळी साडेसातचा, मागं टीव्ही चालू, आईची डावी पापणी अर्ध्याच्या खाली. तो मी तीन डॉक्टरांना दाखवायचा प्रयत्न केला होता, दोघांनी हात झटकला, गूगल करून आलात का म्हणाले. (गूगल केलं होतं, खोटं कशाला बोलू, पण फोटो गूगलवरचा नव्हता.)

फोटो नीट बघितला तो मोतीबिंदूच्या शिबिरात आलेल्या एका डोळ्यांच्या बाईंनी. शेजारच्या आजीला घेऊन आई गेली होती, स्वतःला दाखवायला नव्हतीच गेली. बाईंनी आईला एकटक वर बघायला लावलं, मिनिटभर, दीड मिनिट, पापणी उतरायला लागली. मग बाहेरच्या ज्यूसवाल्याकडून बर्फ मागवला, हातमोज्यात भरला आणि मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटं धरला. काढला तर पापणी वर. थंडाव्यानं नसेचा निरोप थोडा वेळ सुधारतो म्हणून असं होतं. चौदा महिने आणि दोन एमआरआयनं जे दाखवलं नाही ते दोन रुपयांच्या बर्फानं दाखवलं, आणि तरी माझ्या दृष्टीनं त्या दिवशीची मोठी गोष्ट बर्फ नव्हती. मोठी गोष्ट पुढची.

त्यांनी लेटरहेड नव्हतं म्हणून शिबिराच्या केसपेपरच्या मागं लिहिलं. दिवसभरात वाढत जाणारी पापणीची पड, विश्रांतीनं सुधारते, बाहुली नॉर्मल, बर्फाची टेस्ट पॉझिटिव्ह, चावायला आणि बोलायला त्रास, गेल्या तीन आठवड्यांपासून गिळतानाही ठसका लागतो म्हणून थांबू नये, मायस्थेनियाची शंका, अमुक अँटीबॉडीची तपासणी आणि नसांची करंट देऊन करायची टेस्ट व्हावी. खाली सही, रजिस्ट्रेशन नंबर, मोबाईल नंबर. आणि माझ्यासमोर त्यांनी न्यूरोलॉजिस्टना, म्हणजे मेंदू-नसांच्या डॉक्टरांना, फोन लावला. ज्या न्यूरोलॉजिस्टची अपॉइंटमेंट मला सात आठवड्यांनंतरची मिळाली होती त्यांनी परवा या म्हणून सांगितलं. कारण त्या कागदात 'गिळताना ठसका' हे दोन शब्द होते, आणि या आजारात गिळणं आणि श्वास बिघडला तर पेशंट व्हेंटिलेटरवर जाऊ शकतो हे ज्याला कळतं त्यालाच ते शब्द लिहायचं सुचतं. मी अपॉइंटमेंट घेताना फोनवर काय सांगितलं होतं? "आईला अशक्तपणा आहे." रिसेप्शनवरची मुलगी तरी काय करणार, अर्ध्या महाराष्ट्राच्या आईला अशक्तपणा आहे.

आता मजा बघा, हे सगळं काही त्या बाईंचं मोठं मन वगैरे म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही. हा नियम आहे. भारतीय वैद्यक परिषदेची डॉक्टरांच्या आचरणाची २००२ ची नियमावली आहे, तिच्यात ३.६ क्रमांकाला स्पष्ट म्हटलंय की पेशंटला तज्ज्ञाकडं पाठवताना केसचा सारांश द्यायचा, आणि तज्ज्ञानंही आपलं मत लेखी स्वरूपात मूळ डॉक्टरला कळवायचं. म्हणजे चिठ्ठी जातानाची पण आणि येतानाची पण. त्याच नियमावलीत असंही आहे की रुग्णानं कागदपत्रं मागितली तर ७२ तासांत द्यायची. २०२३ मध्ये परिषदेच्या जागी आलेल्या नव्या आयोगानं नवीन नियम आणले होते, पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले, त्यामुळं जुनेच चालू आहेत. कट प्रॅक्टिसवर, म्हणजे पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन घेण्यावर, आपण एवढं बोलतो, जेनेरिक औषधांवर एवढी भांडणं झाली, पण ३.६ बद्दल कुणी एक शब्द काढत नाही. आमच्या आठ डॉक्टरांपैकी सात जणांनी तो नियम मोडला आणि मला खात्री आहे की सातपैकी एकालाही आपण काही मोडलं असं वाटलं नसेल.

का होतं असं? वेळ नाही हे पहिलं उत्तर आणि ते खरंय, दिवसाला ऐंशी पेशंट बघणारा माणूस निबंध कधी लिहिणार. पण अर्धं पान म्हणजे निबंध नाही, आणि ते न लिहिल्यामुळं पुढचे सात डॉक्टर प्रत्येकी शून्यापासून सुरू करतात, तो वेळ कुणाच्याच हिशोबात धरला जात नाही.

दुसरं कारण जास्त अडचणीचं आहे. आपल्याकडं चिठ्ठी बदनाम झालीय. डॉक्टरनं एखाद्या विशिष्ट ठिकाणी पाठवलं की पेशंटच्या डोक्यात पहिला विचार येतो, याचं किती पर्सेंट असेल. आणि हा विचार काही हवेतून आलेला नाही, २०१७ मध्ये महाराष्ट्र सरकारला कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा करायला माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली होती, मुंबईत एका हार्ट हॉस्पिटलनं 'कमिशन नाही' म्हणून होर्डिंग लावलं तर डॉक्टरांच्याच संघटनेला राग आला होता. म्हणजे जे कमिशन घेतात त्यांनी चिठ्ठी नासवली, आणि जे घेत नाहीत ते आपल्यावर संशय नको म्हणून नावच सांगत नाहीत, "कुठंही दाखवा, चांगला न्यूरो बघा" म्हणून मोकळे होतात. सरळ माणसाच्या सरळपणाचा तोटा पेशंटला, असला उलटा प्रकार. यावर माझं उत्तर असं की कमिशनची चिठ्ठी आणि खरी चिठ्ठी वाचून ओळखता येते. कमिशनच्या चिठ्ठीवर सेंटरचं नाव ठळक छापलेलं असतं आणि पेशंटबद्दल एक ओळ. खऱ्या चिठ्ठीत पेशंटबद्दल दहा ओळी असतात आणि एक प्रश्न असतो, तुम्ही हे हे बघा. ज्यात प्रश्न नाही ती चिठ्ठीच नाही.

तिसरं, आपण पेशंटची माणसंही काही धुतल्या तांदळासारखी नाही आहोत. पहिल्या डॉक्टरचे कागद दुसऱ्याला दाखवायचे नाहीत, राग येईल. दुसऱ्याकडं गेलो हे पहिल्याला कळू द्यायचं नाही, वाईट वाटेल. पंधरा दिवसांत गुण नाही आला की तिसरा. मध्ये अंगारा-धुपारा आहेच, आमच्याकडंही झाला, नाव नको. कान-नाक-घसावाल्यांना मी पापणीचं सांगितलंच नव्हतं, मला वाटलं घशाच्या डॉक्टरला डोळ्याचं काय सांगायचं. तेच जर फॅमिली डॉक्टरांच्या हातची चिठ्ठी असती तर त्यात पापणी आणि घसा शेजारी शेजारी आले असते, आणि हे दोन शब्द शेजारी आले की कुठलाही शिकलेला डॉक्टर थबकतो.

यावर एक डॉक्टर मित्र म्हणाला, अरे थकवा येतो म्हणणाऱ्या प्रत्येकाला आम्ही न्यूरोकडं पाठवायला लागलो तर न्यूरोवाले मरतील, आणि खरोखरचा पॅरालिसिसचा पेशंट रांगेत मागं राहील. मुद्दा बरोबर आहे, मला त्यावर सोपं उत्तर नाही. पण गंमत अशी की आज जे चाललंय त्यात गर्दी कमी होत नाहीच, उलट ज्याच्याकडं गाडीभाडं आणि ओळख आहे तो थेट न्यूरोकडं जाऊन बसतो, डोकेदुखीसाठीसुद्धा, आणि ज्याला खरी गरज आहे तो मणक्याचा पट्टा बांधून घरी. चिठ्ठीनं रांग लांब होत नाही, रांगेत पुढं कुणाला घ्यायचं ते कळतं. शिवाय प्रत्येक वेळी पेशंटनंच हलायला पाहिजे असं कुठाय? सरकारचीच ई-संजीवनी ही व्हिडिओवरून सल्ला देणारी सेवा आहे, त्यात आरोग्य केंद्रातला डॉक्टर मोठ्या ठिकाणच्या तज्ज्ञाशी पेशंटला समोर बसवून बोलू शकतो अशी सोय आहे. साडेसातचा फोटो आणि पाच मिनिटं बोलणं एवढं झालं असतं तर आईचा लातूरचा निम्मा प्रवास वाचला असता. सोय आहे पण असल्या 'काय आहे तेच कळेना' केससाठी ती वापरायची असते हे किती जणांच्या मनात येतं, हा प्रश्न आहे.

सरकारचं बघाल तर पैसा आजाराला नाव मिळाल्यानंतर सुरू होतो. २०२१ मध्ये दुर्मिळ आजारांचं राष्ट्रीय धोरण आलं, चांगली गोष्ट, पुढच्या वर्षी मदतीची मर्यादा ५० लाखांपर्यंत वाढवली, तीही चांगली गोष्ट. पण ती मदत ठरवून दिलेल्या केंद्रांतून मिळते, आणि सुरुवातीच्या आठ केंद्रांत महाराष्ट्रातलं एकच, मुंबईचं केईएम. गडचिरोलीच्या आईबापांनी लेकराला घेऊन परळला पोचायचं म्हणजे जवळजवळ सगळा महाराष्ट्र आडवा ओलांडायचा. आणि यादीतले बहुतेक आजार जन्मजात, जनुकीय आहेत, पन्नाशीत उद्भवलेल्या आईच्या आजाराचा तिथं मेळ बसत नाही. महात्मा फुले योजना घ्या, तिच्यात ठरलेल्या ऑपरेशनांचं, उपचारांचं पॅकेज आहे, दवाखान्यात अॅडमिट झालात तर. पण 'अजून निदान नाही, शोधतोय' याला पॅकेज नाही. आमचा जेवढा खर्च झाला त्यातला मोठा भाग निदानाच्या आधीचा, ओपीडीतला. निदान झाल्यावरची रोजची गोळी त्या मानानं परवडते. हे मी कुणाला सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही.

माझा मामेभाऊ इंग्लंडात असतो, तो म्हणतो आमच्याकडं जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, चिठ्ठीशिवाय तज्ज्ञ भेटतच नाही, चिठ्ठी परस्पर जाते, पेशंटनं फाईल वाहायची नाही. मी म्हणलं भारी. तर म्हणे भारी काय, नंतर थांबत बसायचं, १८ आठवड्यांत ९२ टक्के लोकांचे उपचार सुरू व्हायला पाहिजेत असा नियम आहे आणि २०१६ नंतर तो देशपातळीवर पाळला गेलेला नाही. म्हणजे तिथं चिठ्ठी आहे, डॉक्टर मोकळा नाही. इथं पैसे टाकले तर डॉक्टर उद्या भेटतो, फक्त कुठला ते कुणी सांगत नाही. तिकडची पद्धत जशीच्या तशी उचलून आणा असं मी म्हणणार नाही, दारावर कुलूप लावून चावी एकाच्या हातात दिली की आपल्याकडं त्या चावीचा काय भाव निघेल ते सांगायला नको.

परतीच्या चिठ्ठीबद्दल कुणीच बोलत नाही म्हणून ते सांगतो. आईचं निदान झालं, गोळ्या सुरू झाल्या, छातीचा सीटी झाला (या आजारात छातीतल्या थायमस ग्रंथीत कधीकधी गाठ असते, आईला नव्हती), पापणी वर आली, भाकरी चावता यायला लागली. आठ महिन्यांनी तिला लघवीचं इन्फेक्शन झालं, ताप, रात्री दहा वाजता गावातल्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी सुई भरायला घेतली ती अमिकासिनची. मायस्थेनियाच्या पेशंटला ही आणि अशी काही अँटिबायोटिक्स धोक्याची, श्वासापर्यंत जाऊ शकतं. त्यांना मी मोबाईलमधली यादी दाखवली, जी मला एका दुसऱ्या पेशंटच्या मुलीनं व्हॉट्सअॅपवर पाठवली होती. डॉक्टरांनी हातातली सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि माझ्याकडं बघून म्हणाले, हे मला कुणी कळवलंय का? आणि खरंच, कुणी कळवलं होतं? न्यूरोलॉजिस्टच्या डिस्चार्ज कार्डवर आजाराचं नाव होतं, गोळ्या होत्या, फॉलोअपची तारीख होती. कुठली औषधं चालत नाहीत ते नव्हतं, आणि गावातल्या डॉक्टरांना उद्देशून तर काहीच नव्हतं. आजारी पेशंट पहिला त्यांच्याच दारात येणार हे माहीत असून. ती यादी व्हॉट्सअॅपच्या मेहेरबानीनं माझ्याकडं होती म्हणून. ज्याच्याकडं नसेल त्याचं काय, हे मी त्या रात्री फार वेळ विचार करत बसलो होतो.

म्हणून मला नवीन कायदा नको, नवीन योजनाही नको. ३.६ पाळलं जातंय का ते बघा. २०२१ पासून महाराष्ट्रात खाजगी दवाखान्यांना रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते, बऱ्याच ठिकाणी ती कुंडीच्या मागं लावलेली असते ते सोडा, पण त्या सनदेच्या शेजारी एक ओळ लावा, की दुसऱ्या डॉक्टरांकडं जाताना लेखी सारांश मागून घ्या. मेडिकल कॉलेजात इंटर्नला टाके घालायला शिकवता तसं अर्धं पान लिहायला शिकवा, परीक्षेत दहा मार्क ठेवा. आणि डॉक्टर लोकांनी 'मला हे कळत नाहीये' असं लिहायला लाजू नये. आठ डॉक्टरांत मला सगळ्यात जास्त विश्वास त्या बाईंवर बसला, आणि त्यांनी निदान केलंच नव्हतं, 'शंका' असंच लिहिलं होतं.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या एका पोराला घेऊन त्याचे आईवडील माझ्याकडं आले, नऊ वर्षांचा आहे, जिना चढताना मांडीवर हात टेकवून चढतो, हल्ली सारखा पडतो, पोटऱ्या मात्र पैलवानासारख्या. मी काही डॉक्टर नाही हे त्यांना तीनदा सांगितलं. मग वही घेतली आणि कधीपासून काय काय होतंय ते त्यांच्याकडून तारीखवार लिहून काढलं, घरात आणखी कुणाला असं होतं का ते विचारलं, तर पोराचा मामा पंचविशीच्या आत गेलेला. तो कागद घेऊन आम्ही गावातल्या त्याच डॉक्टरांकडं गेलो, सिरिंजवाल्या. त्यांनी मामाच्या ओळीखाली रेघ मारली, पोराला खाली बसवून उठायला लावलं, दोनदा बघितलं. मग स्वतःचं लेटरहेड काढलं. पाऊण पान लिहिलं, शेवटी मोबाईल नंबर टाकला, आणि पोराच्या बापाला म्हणाले, तिकडच्या डॉक्टरांना सांगा काय निघेल ते मला लिहून द्या, पेशंट माझा आहे.